पान गळेपर्यंत

मे महिना संपत आला की मी आमच्या बागेकडे फिरकत नाही. मनोज, माझा भाचा, म्हणतो, "आत्या, चाल नं गाडीवर, तेवढीच हवा लागन तुले." मी गुडघ्यांचं निमित्त सांगते. गुडघे दुखतात हे खोटं नाही, पण ते दिवाळीतही दुखतात आणि तेव्हा मी जाते. मे महिन्यात बाग ताणावर असते. ती मला बघवत नाही.

ज्यांनी संत्री नुसती सोलून खाल्ली आहेत त्यांना हे समजावून सांगायला हवं. संत्र्याचं झाड त्याच्या मर्जीवर सोडलं तर वर्षभर इथं चार फुलं, तिथं चार फुलं असं चालू राहतं. व्यापाऱ्याला असला माल नको असतो. त्याला सगळी बाग एकदम फुललेली हवी, एकदम पिकलेली हवी. म्हणून झाडाचं पाणी तोडतात. मृगाचा बहर धरायचा तर हे ऐन उन्हाळ्यात करायचं. विहिरीला पाणी असतं, मोट असते, बैल रवंथ करत उभे असतात, आणि पाणी द्यायचं नाही. बाबूजींच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, काळी तर खोडाभोवतीची माती उकरून मुळंही उन्हात उघडी टाकत. झाड आधी फिकं पडतं, मग पानं वळतात, मग एकेक गळायला लागतात. आता आपण काही जगत नाही असं झाडाला वाटलं पाहिजे. तसं वाटलेलं झाडच पाणी मिळाल्यावर भरभरून फुलतं. मग येणारे-जाणारे रस्त्यावर थांबतात आणि म्हणतात, काय सुगंध सुटलाय. आमच्याकडची माणसंही संत्र्यासारखीच गोड असतील असं त्यांना वाटतं. वाटू दे बापडे.

या सगळ्यात अक्कल लागते ती एकाच गोष्टीला, ताण कधी तोडायचा त्याला. लवकर पाणी सोडलं तर झाड नुसतं पालवतं, फूल धरत नाही. उशीर केला तर ते सरपणाच्या कामाचं राहतं. माझ्या वडिलांसारखी नजर आमच्या सौंसरपासून लोधीखेड्यापर्यंत कुणाची नव्हती. रामाकोन्याचे लोक त्यांना बैलगाडी पाठवून आपली झाडं दाखवायला नेत. बाबूजी एखादं पान हातात घेत, देठ अंगठ्यानं दाबून पाहत आणि म्हणत, "अजून थांबा. पान गळू द्या." त्यांचा शब्द कुणी खाली पडू दिला नाही.

यंदा हे सगळं वर आलं ते पूर्वामुळे. पूर्वा मनोजची मुलगी, म्हणजे माझी नात. बारावी झाली, आता तिला कॉलेजात नाव घालायचं आहे. हल्ली नाव घालायला कुठं जावं लागत नाही. पलंगावर पालथं पडून, पाय हलवत, मोबाइलवर ती विषय निवडत होती. "आजी, मुख्य विषय इकॉनॉमिक्स घेऊन राहिली मी," ती म्हणाली. मी भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. या घरात तो विषय यापूर्वी एकदाच कुणी निवडला होता, आणि त्यासाठी त्या मुलीला नागपूरच्या एका मोठ्या हॉलमध्ये रांगेत उभं राहावं लागलं होतं.

राज्यं तुटली त्या वर्षीचा, छप्पन सालचा, तो जून. तेव्हा नागपूर आमची राजधानी होती. कोर्ट नागपूरला, दवाखाना नागपूरला, लग्नाचं लुगडं नागपूरचं. छोटी गाडी, ती अरुंद रुळांची आगगाडी, डुगडुगत सौंसरहून निघायची आणि आम्हाला परगावी चाललोय असं कधी वाटायचं नाही. राज्यं नव्यानं आखणार, मराठीचं एकीकडे आणि हिंदीचं दुसरीकडे, हे चौकात सगळे बोलत होते. पण आम्ही मराठी बोलतो, म्हणजे आम्ही नागपुराबरोबरच, यात कुणाला शंका नव्हती. ज्याला शंका होती तो बोलत नव्हता. मी मॅट्रिक झाले होते. सबंध वर्गात आम्ही दोन मुली, त्यातल्या दुसरीचं निकालाआधीच लग्न झालं. मी कॉलेजात जाते म्हटल्यावर बाबूजी नाही म्हणाले नाहीत. टोपी झटकली, घातली, आणि म्हणाले, "चाल."

त्या हॉलचा वास अजून नाकात आहे, ओल्या छत्र्यांचा आणि शाईचा. भिंतीच्या कडेनं टेबलं मांडलेली, प्रत्येकावर विषयाची पाटी, पाटीमागे त्या विषयाचे प्राध्यापक. हातात एक कार्ड द्यायचे. इंग्रजी आणि मातृभाषा ठरलेली, बाकीचे विषय आपण निवडायचे आणि त्या त्या टेबलावर जाऊन सही घ्यायची. मुली सगळ्या मराठी वाङ्मयाच्या आणि गृहविज्ञानाच्या टेबलाशी. एका बाईंनी मला दंडाला धरून प्रेमानं त्या रांगेत नेऊन उभंही केलं. मी तिथून निघून अर्थशास्त्राच्या रांगेत गेले. तिथं सगळी मुलं. बाबूजी माझ्या मागे, धोतर सावरत, काळी टोपी घालून.

प्राध्यापक चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुम्हाला हा विषय कशाला?"

"भाव कसा ठरतो ते शिकायचं आहे," मी म्हणाले.

"घरी काय पिकतं?"

"संत्री."

"मग त्याचा भाव कोण ठरवतं? तुमचे वडील?"

मला वाटलं, ही परीक्षा आहे आणि परीक्षेत खरं उत्तर लिहायचं असतं. मी म्हणाले, "वडील म्हणतात मीच ठरवतो. पण व्यापारी येऊन झाड फुलावर असतानाच बागेची बोली करतो. मग बाबूजी तोच भाव आपला म्हणून गावात सांगतात."

रांगेतली मुलं हसली. प्राध्यापक तर खुर्चीत मागे रेलून हसले, आणि हसता हसताच त्यांनी कार्डावर सही केली. वर म्हणाले, "यांना घ्यायलाच हवं. मागे उभे आहेत ते वडील का?" सगळ्या माना बाबूजींकडे वळल्या. बाबूजींनी टोपी काढली, आतून पुसली आणि परत डोक्यावर घातली. मी त्या सहीकडे बघत होते. माझ्या आयुष्यात तेवढा आनंद मला पुन्हा झालेला नाही, हे आजही सांगते. बापाची अब्रू कुठं गेली हे बघायला मला त्या क्षणी सवड नव्हती.

परतीच्या गाडीत त्यांनी सावनेरला उतरून माझ्यासाठी चिवडा आणला. स्वतः एक दाणाही तोंडात टाकला नाही. मी खाल्ला, सगळा.

सही झाली म्हणजे नाव लागलं असं नव्हतं. महिना संपायच्या आत बाबूजींनी जाऊन फी भरायची होती, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती. पैशाची अडचण नव्हती. त्या साली बाग चांगली गेली होती आणि बैलांची नवी जोडी दारात उभी होती. बाबूजी फक्त बोलले नाहीत. पहिले काही दिवस मला वाटलं, सवड मिळाली नसेल. मग त्यांना रिकामं बसलेलं पाहिलं. मग लक्षात आलं की ते माझ्याकडे बघताहेत. जेवताना, मी पाणी शेंदताना, तुळशीला हळदकुंकू वाहताना. डोळ्याला डोळा न देता, बाजूनं, जसं ते झाडाकडे बघत.

मी ओळखलं की हा ताण आहे. बागायतदाराच्या पोरीला ते ओळखायला वेळ लागत नाही. हॉलमध्ये पिकलेला हशा त्यांना लागला होता, आणि आता ते मला जोखत होते. पण कशावर जोखत होते ते मी चुकीचं धरलं. आमच्या घरात रडणाऱ्याला किंमत नव्हती. माझा भाऊ वसंता, म्हणजे मनोजचा बाप, लहानपणी चपलांसाठी रडला होता तर त्याला चपला मिळाल्या नाहीत, थप्पड मिळाली होती. तेव्हा मी ठरवलं की आपण कोमेजायचं नाही. जो वाकत नाही त्यालाच बाबूजी मानतील. मी पहाटे उठून जात्यावर गाणी म्हणायला लागले. कढीगोळे केले, पापड लाटले, शेजारच्या लग्नात नाचले. आतून जीव सुकत होता आणि वरून मी हिरवीगार.

आई एकदा चुलीपाशी म्हणाली, "अवं, एकदा बोलून तं पाह्य त्यायच्यासंग."

"मी नाही बोलत. त्यायले दिसून राहिलं नं सगळं."

"त्यायले झाड दिसते, सुमे. माणूस नाही दिसत."

आई कधी शाळेत गेली नव्हती आणि तिचं मी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर काय झालं असतं याचा हिशेब मी पुष्कळ वर्षं करत राहिले. हे असले हिशेब कधी जुळत नाहीत, तरी माणूस करतो.

महिना संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस उघडला होता, ओसरीत बाबूजी पान लावत बसले होते. मला हाक मारली आणि सहज, शेजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाले, "तारीख गेली नं काल."

"हो."

"मी वाट पाहून राहिलो होतो. पाणी कवा सोडते माणूस? पान गळालं का सोडते. तुह्यं तं एक पान नाही गळालं, बाई. गाणे म्हणून राहिली, नाचून राहिली. मी समजलो, या झाडाले गरजच नाही."

त्यांनी पानावर चुना लावला, घडी केली आणि तोंडात ठेवली. त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. जमिनीत खोट निघाली, दुसरं काय, असा तो आवाज होता. मग माझं तोंड पाहून म्हणाले, "जाशील पुढच्या साली. एका सालानं झाड मरत नाही." मी आत गेले आणि धान्याच्या कोठीला डोकं टेकून रडले. पानं गळाली, पण बागवान उठून गेला होता.

आणि एका सालानं काय काय होतं ते मग आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. नोव्हेंबरात राज्यं वेगळी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं. आम्ही गेलो नाही. आमचा जिल्हा छिंदवाडा, आणि छिंदवाडा नव्या मध्य प्रदेशात राहिला. राजधानी भोपाळ, जिथं आमच्यातलं कुणी कधी गेलं नव्हतं. स्वातंत्र्य आलं तेव्हा शाळेत आम्हाला पेढा मिळाला होता. राज्य बदललं तेव्हा काही मिळालं नाही, फक्त कचेरीतल्या पाटीवर रंग मारला गेला. चौकात जे महिनोन्महिने मोठमोठ्यानं बोलत होते ते काही दिवस घरीच बसले. मग बाहेर आले आणि कापसाच्या भावाबद्दल बोलू लागले.

पुढच्या जूनमध्ये बाबूजींनी दिला शब्द पाळला. मी न मागताच ते म्हणाले, "चाल." पुन्हा छोटी गाडी, पुन्हा तोच हॉल, त्याच छत्र्या. यावेळी दारातच एक टेबल नवीन होतं. तिथल्या कारकुनानं विचारलं, "राज्य कोणतं?"

बाबूजी म्हणाले, "सौंसर."

"गाव नाही विचारलं. राज्य."

बाबूजींना ते नाव पटकन आठवलं नाही. मी सांगितलं. कारकुनानं हात लांब करून कोपऱ्यातलं बाकडं दाखवलं. "बाहेरच्या राज्यातले तिकडे बसा. आधी आमची मुलं, मग जागा उरल्या तर बघू." मी मागच्या वर्षीचं कार्ड पुढं केलं. ते मी पेटीत रेशमी खणाखाली ठेवलं होतं, सही अजून निळी होती. त्यानं ते बघितलं, हसला नाही, ओरडला नाही. म्हणाला, "हे मागच्या राज्यातलं आहे," आणि परत दिलं.

संध्याकाळपर्यंत आम्ही त्या बाकड्यावर बसलो. शेजारी पांढुर्ण्याचे दोन मुलगे होते, तेही आमच्यासारखेच रातोरात बाहेरचे झालेले. अर्थशास्त्राची पाटी दुपारीच उचलली गेली. शेवटी त्याच कारकुनानं येऊन सांगितलं की गृहविज्ञानात एक जागा आहे. बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं, यावेळी थेट तोंडाकडे. मी नाही म्हणून मान हलवली. ते उठले. नागपुरात ज्यांच्या ओळखीचा माणूस प्रत्येक पेठेत होता ते माझे वडील कारकुनाला नमस्कार करून हॉलच्या दारातून बाहेर पडले. ते मी त्यांना कधी माफ केलं नाही. का, ते मला नीट सांगता येणार नाही.

गाडी सावनेर सोडून पुढं आली तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते. "सीमा कुठून गेली असन?" म्हणाले. दोन्हीकडे सारखीच काळी जमीन आणि सारखाच कापूस. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताण लंबा झाला." एवढंच. त्यांच्या तोंडून मला मिळालेली माफी ती इतकीच, आणि तीही झाडाच्या भाषेत.

बागेत एखादं झाड वाळलं तर बाबूजी रडत बसत नसत, पावसाळ्यात त्याच खड्ड्यात दुसरं लावत. माझ्या खड्ड्यात त्यांनी वसंताला लावलं. त्याला जबलपूरला शिकायला ठेवलं, मागेल ते दिलं, ताण कसला तो दिला नाही. तो फुललाही नाही. दोन वर्षांनी पेटी घेऊन परत आला आणि बागेत लागला. माणूस चांगला होता, पण ते झाड माझ्या वाट्याच्या पाण्यावर पोसलं होतं हे मी एक दिवसही विसरले नाही. मी शिक्षिका झाले. पांढुर्ण्याच्या शाळेत मराठी बोलणाऱ्या पोरांना हिंदीतून गणित शिकवलं. लग्न केलं नाही. बघायला आलेल्यांपुढं मी कधी कोमेजून दाखवलं नाही, तेव्हा मी कुणाच्या मनात भरण्याचा प्रश्नच नव्हता.

हे सगळं पूर्वाला कुठून माहीत असणार? परवा तिचं शेवटचं बटण दाबायचं राहिलं होतं. त्यासाठी लागणारा आकडा बापाच्या मोबाइलवर येणार होता, आणि मनोज ओसरीत त्याच जागी बसला होता जिथं त्याचे आजोबा बसत. त्याचा चेहराही तसाच होता, अर्धवट बंद. सकाळीच तो बागेतून आला होता, ठिबकचे कॉक बंद आहेत ना ते बघून. मी पूर्वाला खुणेनं जवळ बोलावलं, कानात सांगणार होते की पोरी, त्याच्यापुढं जाऊन रड, खोटं का होईना पण रड. तेवढ्यात ती तिथूनच ओरडली, "बाबा, ओटीपी सांगा नं लवकर!"

मनोजनं मान वर न करता आकडे वाचले. ती "झालं" म्हणाली आणि पाय हलवत दुसरंच काही बघू लागली.

मला त्या पोरीचा राग आला. आनंद व्हायला हवा होता, तो रात्री झाला. आधी राग आला. मागितलं आणि मिळालं, आणि मिळाल्याचं तिला काही वाटलंही नाही. शेंगांची टोपली घेऊन मी आत गेले.

बाबूजी शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली होती. बोलता यायचं, पण अडखळत. डोळ्यांनी वाचता येत नसे. मी पांढुर्ण्याहून रजा घेऊन आले होते. मृगाचा माल निघायचे दिवस, दारात संत्र्याचे ढीग, गवतात पेट्या भरल्या जात होत्या. दुपारी पेपर यायचा आणि मी त्यांना नागपूरच्या बाजाराचे भाव वाचून दाखवायची. दुसऱ्या राज्यातला भाव, पण आमच्या संत्र्याचं मोल तोच ठरवायचा. ते डोळे मिटून ऐकत. दिवसभरात तेवढ्याच वेळी त्यांच्या तोंडावर जीव यायचा.

एके दिवशी पेपर आला, मी त्यांच्या उशाशी बसले आणि तो उघडला नाही. घडी तशीच मांडीवर ठेवली. असं काही ठरवून केलं नव्हतं, हात थांबला. ते वाट बघत राहिले. मीही वाट बघत राहिले, त्यांनी मागण्याची. माशा बसत होत्या, मी त्या वारत होते, बाकी काही करत नव्हते. मग त्यांनी डोळे उघडून आधी पेपराकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर ज्यानं दुसऱ्याला ताण दिला त्याला ताण ओळखायला किती वेळ लागणार? तोंडाची डावी बाजू किंचित वर गेली. "शिकली," ते म्हणाले. "आता शिकली."

मागितलं मात्र नाही. तेही माझेच वडील होते.

बाहेर पेट्यांवर खिळे ठोकल्याचा आवाज येत होता. बराच वेळ गेला, आणि त्यांच्या डोळ्यातून पाण्याची एक धार उशीवर उतरली. म्हाताऱ्यांचे डोळे असेही पाझरतात, त्याला काही अर्थ असतोच असं नाही. बाबूजी माझ्या जागी असते तर त्यांनी देठ दाबून पाहिला असता आणि म्हटलं असतं, अजून थांबा. मला तेवढी नजर नव्हती आणि ती यायला नको होती. मी पेपर उघडला. संत्र्याचा भाव त्या दिवशी चांगलाच पडला होता. मी तो पडलेलाच वाचला.